वन बीएचकेची मूल्यमीमांसा

मुंबईच्या उपनगरातील कोणत्याही राहत्या घराला एकाच वेळी किमान पाच किमती असतात, आणि त्या पाचही किमती एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच दिवशी बाहेर पडू शकतात, या वस्तुस्थितीची अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी पुरेशी दखल घेतलेली नाही. पाठ्यपुस्तकाच्या मते किंमत मागणी आणि पुरवठा यांच्या छेदबिंदूवर ठरते. उपनगरात ती कोण विचारतो आहे यावर ठरते. दलाल विचारीत असेल तर एक, मुद्रांक शुल्क भरावयाचे असेल तर दुसरी, कर्ज हवे असेल तर तिसरी, धाकट्या भावाने वाटणीचा विषय काढला असेल तर चौथी, आणि मुलीच्या सासरची मंडळी चहाला आली असतील तर पाचवी. प्रस्तुत विवेचनासाठी डोंबिवलीतील एक वन बीएचके, म्हणजे दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एक शयनगृह असलेली सदनिका, नमुना म्हणून घेतली आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किलोमीटरवर असलेल्या या गावात घर घेणारा माणूस प्रत्यक्ष घराचा विचार सर्वांत शेवटी करतो, त्यामुळे घर सोडून उरलेले सर्व घटक येथे निखळ स्वरूपात अभ्यासता येतात.

जमिनीचे मूल्य आणि अंतर यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडण्याचा मान योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराकडे जातो. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने एका सपाट प्रदेशाच्या मध्यभागी एकच नगर कल्पिले आणि त्याभोवती वर्तुळे काढून असे दाखवले, की दूध आणि भाजीपाला यांसारखा नाशवंत माल नगराला लागून असलेल्या पहिल्या वर्तुळात पिकेल, कारण तो दुरून आणणे परवडत नाही, आणि धान्य व गुरेढोरे क्रमाने बाहेर सरकतील. थ्यूनेनने डोंबिवली पाहिलेली नव्हती. तरीही स्टेशनचा जिना उतरताच पहिल्या वर्तुळात निवडलेली मेथी व सोललेला मटार आणि त्यानंतरच्या वर्तुळात पोळीभाजी केंद्रे लागतात, यावरून सिद्धांताची व्याप्ती ध्यानात यावी. माणसांची वस्ती त्याही पलीकडे सुरू होते. पुढे १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो याने हाच विचार आधुनिक शहराला लावला आणि केंद्रापासून दूर जावे तसतशी माणूस जागेसाठी देऊ करील ती रक्कम कशी उतरत जाते याची वक्ररेषा काढली. डोंबिवलीत या वक्ररेषेचा उगम फलाटावरच्या पुलापाशी होतो आणि तिचा उतार दलाल ठरवतो.

दलालाच्या हाती असलेले मुख्य मोजमाप म्हणजे ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी असा नियम आहे, की ८० मीटर अंतर म्हणजे चालण्याचे एक मिनिट धरावे आणि वरचे अपूर्णांक पूर्ण मिनिटात मोजावेत. त्यामुळे तेथे पाच मिनिटांचे घर ४०० मीटरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. डोंबिवलीच्या पाच मिनिटांवर असली कोणतीही भौतिक बंधने नाहीत. ती पाच मिनिटे रात्री साडेअकराला, दुचाकीवरून, रस्ता खोदलेला नसताना आणि मालकाला घर विकण्याची घाई असताना मोजलेली असतात. अंतर खरोखरच पाच मिनिटांचे असेल तर दलाल मिनिटे सांगत नाही, तो ‘स्टेशनला लागून’ म्हणतो. वीस मिनिटांचे असेल तर ‘चालत जाता येते’ असे म्हणतो, जे शरीरशास्त्राच्या दृष्टीने पंढरपूरबाबतही खरे आहे. आणि ‘शेअर रिक्षा दारातून मिळते’ असे वाक्य कानी पडले, की चोखंदळ ग्राहकाने घर न पाहता परतावे.

अलोन्सोच्या वक्ररेषेत न बसणारी गोष्ट म्हणजे गाडीतील जागा. डोंबिवलीला जलद लोकल थांबतात, शिवाय काही लोकल येथूनच सुटतात, आणि या दोन तथ्यांनी जेवढ्या सदनिका विकल्या असतील तेवढ्या संगमरवरी प्रवेशद्वारांनी विकल्या नसतील. येथून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळावी असे तर्क सांगतो. प्रत्यक्षात ती गाडी फलाटाला लागते तेव्हाच तिच्यात ‘डाऊन करून’ आलेले, म्हणजे आधी उलट दिशेने प्रवास करून जागा धरलेले, अलीकडच्या स्थानकांवरचे प्रवासी डोळे मिटून विराजमान झालेले असतात. तात्पर्य, डोंबिवलीच्या खरेदीदाराने करारनाम्यात न लिहिलेली जी वस्तू विकत घेतलेली असते ती बसण्याची नसून उभे राहण्याची सोय असते, आणि नशीब चांगले असेल तर तिच्यात ठाण्यानंतरच्या चौथ्या सीटचा, म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धे शरीर टेकवण्याचा, हक्क अंतर्भूत असतो. सैद्धांतिक भाषेत सांगावयाचे तर डोंबिवलीच्या घराची किंमत म्हणजे मुलुंडच्या तेवढ्याच घराच्या किमतीतून आयुष्यभर उभे राहण्याची मजुरी वजा करून उरणारी रक्कम होय. ही मजुरी किती धरावी यावर मात्र नवरा आणि बायको यांचेही एकमत नसते.

रेल्वेमार्गाने गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत, आणि पूर्वेचा रहिवासी पश्चिमेची किंमत सांगताना जो स्वर लावतो तो पश्चिमेच्या रहिवाशाने पूर्वेबद्दल राखून ठेवलेला असतोच. या दोन भागांना जोडणारा कोपर पूल २०१९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या मधल्या काळात पलीकडच्या बाजूच्या आतेबहिणी आणि मावसभाऊ यांचे मूल्य घटले, असा समज रूढ आहे, तथापि त्याला आकडेवारीचा आधार नाही. पुलांचा खरा प्रभाव ते होण्यापूर्वी जाणवतो. अर्थशास्त्रात भांडवलीकरण नावाची संकल्पना आहे. भविष्यात मिळणाऱ्या सोयीचे मूल्य आजच्याच किमतीत मिसळून जाते, असा तिचा अर्थ. उल्हास खाडीवरील मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला, पण घरांच्या व्यवहारात तो त्याच्या कितीतरी वर्षे आधी बांधून पूर्ण झालेला होता आणि त्यावरून ठाणे हाकेच्या अंतरावर आले होते. पुलाची घोषणा झाली की भाव चढतो, भूमिपूजन झाले की चढतो, खांब दिसू लागले की चढतो. पूल खरोखर सुरू झाला की भाव जागीच राहतो आणि त्यावरची वाहने तेवढी घरासमोर येतात. म्हणूनच अनुभवी मालक पूल होण्याच्या आत घर विकतो, आणि अनुभवी ग्राहक ‘प्रस्तावित’ या शब्दाचे किती रुपये झाले ते वेगळे काढून दाखवावे असा आग्रह धरतो, जो अद्याप कोणीही मान्य केलेला नाही. कल्याण-तळोजा मेट्रो सध्या याच अर्थाने अनेक घरांच्या खिडकीखालून जाते.

स्थळाबरोबर स्थळाचे नाव बदलल्यानेही मूल्य वाढते. परळजवळच्या गिरणगावातील इमारती ज्या चातुर्याने ‘अप्पर वरळी’त गेल्या, त्याच चातुर्याने भिवंडी तालुक्यातील माणकोली-अंजूरचा परिसर ‘अप्पर ठाणे’ झाला. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत या काळात कोणताही फरक झाल्याची नोंद नाही.

आता क्षेत्रफळाकडे वळता येईल. उपनगरी सदनिकेचे क्षेत्रफळ तीन प्रकारचे असते. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा; बांधीव क्षेत्र म्हणजे तिच्यात भिंतींची जाडी मिळवून येणारी जागा; आणि सुपर बिल्ट-अप म्हणजे त्यात जिना, उद्वाहन, पॅसेज, पंपघर व रखवालदाराची खोली यांचा वाटा मिळवून येणारी, केवळ कागदावर राहता येण्याजोगी जागा. या वाढीव भागाला व्यवसायात ‘लोडिंग’ म्हणतात. चारशे फुटांच्या घरात राहणारी कितीतरी कुटुंबे या लोडिंगच्या बळावर वर्षानुवर्षे साडेसहाशे फुटांत राहत आली आणि पाहुण्यांना दिवाणखान्यात गुडघे जवळ घेऊन बसवीत आली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याची महाराष्ट्रातील अंमलबजावणी महारेरा या नियामक प्राधिकरणामार्फत १ मे २०१७ पासून सुरू झाली, नव्या प्रकल्पांत चटई क्षेत्रावरच विक्री करण्याचे बंधन घातले आणि त्याची व्याख्याही केली. तिच्यानुसार बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची चटई क्षेत्रात धरावयाची नाही, परंतु घरातल्या घरात असलेल्या भिंती धरावयाच्या. म्हणजे स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामधील चार इंच विटा याही कायद्याने वापरण्याजोगी जमीन ठरतात. जुन्या घरांच्या मालकांवर या सुधारणेचा परिणाम झालेला नाही. ग्राहक कार्पेट विचारतो, मालक सुपर बिल्ट-अप सांगतो, आणि दोघेही आपापल्या आकड्याला दर लावून परस्परांच्या नीतिमत्तेविषयी मत बनवतात.

शासनाने मात्र अशा वादांपासून अलिप्त राहून स्वतःची स्वतंत्र किंमत ठरवलेली आहे. नोंदणी व मुद्रांक विभाग जे वार्षिक मूल्यदर तक्ते काढतो त्यांना लोक रेडी रेकनर म्हणतात. गावाचे विभाग-उपविभाग पाडून प्रत्येकात जमीन, निवासी बांधकाम आणि दुकाने यांचा दर त्यात दिलेला असतो. हा दर चौरस मीटरला असतो आणि अवघा महाराष्ट्र घर चौरस फुटांत घेतो, त्यामुळे १०.७६४ ने भागण्याची कला ज्याला अवगत आहे तो उपनगरात तज्ज्ञ गणला जातो. उद्वाहन असलेल्या उंच इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्यासाठी ५ टक्के आणि अकराव्या ते विसाव्यासाठी १० टक्के वाढ धरली जाते. खिडकीतून काय दिसते हा प्रश्न शासन विचारीत नाही, त्यामुळे खाडी पाहणारा आणि समोरच्या टॉवरमधील कुटुंबाचा दूरदर्शन संच पाहणारा, असे दोघेही समान नागरिक ठरतात. मुद्रांक शुल्क भरताना करारातील किंमत आणि तक्त्यातील किंमत यांपैकी जी अधिक असेल ती ग्राह्य धरतात. याचा अर्थ असा, की नागरिकाने घर महाग घेतले असे सांगितल्यास शासन त्यावर तत्काळ विश्वास ठेवते आणि स्वस्त घेतले असे सांगितल्यास ठेवत नाही. आयकर कायदा याच्याही पुढे जातो. करारातील रक्कम तक्त्यातील मूल्याहून १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे कमी असेल तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजला जातो, म्हणजे घासाघीस करून वाचवलेला पैसा कमावलेला ठरतो. भाजीबाजारात हा नियम लागू झाला असता तर डोंबिवलीतील निम्म्या गृहिणी विवरणपत्रे भरताना दिसल्या असत्या. त्यांच्यासाठी शासनाने २०२१ पासून एक निराळी तरतूद केली आहे: घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. स्त्रीच्या मालमत्ताहक्काविषयी शतकभराच्या प्रबोधनाने ज्यांचे मन वळले नव्हते, ते गृहस्थ या एका टक्क्याने वळलेले पाहून समाजशास्त्रज्ञांनी अंतर्मुख व्हावयास हवे.

शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये असे मांडले, की घरासारख्या वस्तूची किंमत ही तिच्या एकेका गुणाच्या छुप्या किमतींची बनलेली असते. पुरेशा व्यवहारांची माहिती हाती असेल तर एका अधिक खोलीचे, एका उद्यानाचे किंवा एका कारखान्याच्या धुराचे मोल संख्याशास्त्राने वेगळे काढता येते. या पद्धतीला हेडॉनिक म्हणतात. डोंबिवलीत तिची पहिली कसोटी पाण्यावर लागते, कारण ‘चोवीस तास पाणी’ या गुणाचा अर्थ चोवीस तास टाकी असा असून टाकीत पाणी केव्हा येते हा निराळा गुण आहे. शेवटच्या मजल्याला हवा अधिक म्हणून भाव चढावा आणि पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून उतरावा, तर दलाल पावसाळ्यापुरता दुसऱ्या मजल्याचा पुरस्कर्ता होतो. दार पूर्वेला असल्यास किंमत वाढते, दक्षिणेला असल्यास ती कमी होते, आणि एकाच मजल्यावर चार दिशांना दारे असलेल्या चार कुटुंबांपैकी एकाने तरी दक्षिणेकडून आत शिरणे भूमितीला अपरिहार्य आहे, ही अडचण वास्तुशास्त्राने दाराला गणपतीची चकती लावून सोडवली आहे.

परिसराच्या गुणांचे मोल याहून अवघड. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रस्त्यावर नटूनथटून जमणारी तरुणाई आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा यांमुळे डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी म्हणतात, आणि घर विकणारा प्रत्येक जण ही संस्कृती दरात धरतो. तथापि प्रत्यक्ष फडके रस्त्यावर राहणारा मालक संस्कृती ऐकू येण्याच्या अंतराबाहेर घर शोधत असतो. उलट बाजूने पाहता, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक विभागातील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाला, तेव्हा त्याच्या छायाचित्रांनी सगळ्या महाराष्ट्रात गाव गाजले, पण त्याच औद्योगिक विभागाला लागून असलेल्या निवासी भागातील बंगल्यांचे मालक झाडे, रुंद रस्ते आणि शांतता यांचाच हिशेब सांगत राहिले. वाऱ्याची दिशा हा गुण ते ग्राहकाच्या भेटीची वेळ ठरवताना विचारात घेतात.

वाहनतळाविषयी थोडक्यात सांगता येईल. इमारतीखालच्या खांबांमधील, म्हणजे स्टिल्टमधील, जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामायिक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०१० मध्ये दिला. तेव्हापासून ती विकली जात नाही. ती ‘बरोबर दिली जाते’ आणि घराची किंमत तेवढ्याने वाढते.

सर्व पद्धतींत सर्वमान्य आहे ती तुलनात्मक विक्रीची पद्धत. शेजारचे तसेच घर नुकतेच किती रकमेला गेले यावरून आपल्या घराचे मोल काढणे, असे तिचे स्वरूप असून जगभरचे मूल्यांकनकार तिचा वापर करतात. डोंबिवलीत तिचा वापर जिन्यात होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांचे घर बासष्टला गेले, अशी बातमी तळमजल्यावर निघते. येथे ‘लाख’ हा शब्द उच्चारण्याची पद्धत नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत फर्निचर धरून पासष्ट होतात, चौथ्यावर ते अडुसष्ट होतात, आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या मंडळात सत्तरीचा आकडा निश्चित होतो. जोशी स्वतः या वाढीला हरकत घेत नाहीत, कारण स्वस्तात विकले असे ठरण्यापेक्षा महाग विकले असे ठरणे केव्हाही बरे. घेणारा मात्र आपण साठच दिले असे सर्वांना सांगतो, कारण त्यालाही शेजाऱ्यांपुढे हुशार ठरावयाचे असते. नोंदणी कार्यालयातील दस्तात खरा आकडा उपलब्ध असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. तो पाहण्याचा मोह सहसा कोणाला होत नाही, कारण त्याने इमारतीतील सोळाही कुटुंबे एका दिवसात गरीब होतील.

कर्जासाठी बँकेचा मूल्यांकनकार येतो तेव्हा चित्र पालटते. तो दहा मिनिटांत फिती लावून तीन आकडे लिहितो: बाजारमूल्य, वसूल होण्याजोगे मूल्य आणि अडचणीत विकावे लागल्यास येणारे मूल्य. स्वयंपाकघरात त्याच्यासाठी पोहे होत असतानाच दिवाणखान्यात तो हप्ते थकल्यानंतरच्या लिलावाचा अंदाज बांधत असतो, याबद्दल कोणाची तक्रार नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. त्यामुळे एरवी घराला नावे ठेवून भाव पाडणारा ग्राहकही या दहा मिनिटांत त्याच घराच्या उजेडाची मनापासून स्तुती करतो. वाटणीच्या वेळी हाच गृहस्थ धाकट्या भावाला गळक्या नळांची, रखडलेल्या लिफ्टची आणि पडलेल्या बाजाराची माहिती देतो, आणि मुलीच्या सासरच्यांपुढे ‘आता या भागात एक कोटीशिवाय बोलत नाहीत’ असे म्हणून विषय बदलतो. यांपैकी एकही विधान खोटे असते असे म्हणता येणार नाही. घर विकावयाचेच नसल्यामुळे कोणतेच विधान कसोटीला लागत नाही, एवढेच.

या साऱ्या हिशेबाला अखेरचा धक्का पुनर्विकासाने बसतो. शासकीय तक्ता इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा धरतो, म्हणजे बांधकाम जितके जुने तितके त्याचे मूल्य कमी. बाजारात तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीच्या खांबांतून लोखंड दिसू लागले की तिचे मूल्य वाढू लागते, कारण ती पाडून मोठी इमारत बांधता येते. आता घराचा दर चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकामाला परवानगी आहे या गुणोत्तरावर ठरतो, आणि तो निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. ज्या सदस्यांनी पूर्वी कुंपणाची भिंत दोन फूट पुढे सरकवून सोसायटीच्या इतिहासात नाव मिळवले, तेच सदस्य फीत घेऊन भल्या सकाळी रस्ता मोजताना आढळतात आणि तो ९ मीटरहून अरुंद भरल्यावर महापालिकेच्या नावाने बोटे मोडतात. मग असे लक्षात येते, की जमीन अद्याप विकासकाच्याच नावावर आहे आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकासक जमीन नावावर करून देत नसल्यास सक्षम अधिकाऱ्याकडून ती सोसायटीच्या नावे करून घेण्याची प्रक्रिया, पूर्ण करावी लागणार आहे; कायद्यात ही सोय २००८ च्या दुरुस्तीने झाली, परंतु सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत हा विषय चहा येईपर्यंतच चालला होता. अखेर विशेष सभा भरते. विकासकाचा प्रतिनिधी नकाशे लावून वाढीव क्षेत्र, दरमहा भाडे आणि कॉर्पस, म्हणजे सोसायटीच्या भावी खर्चासाठीचा निधी, यांविषयी तासभर बोलतो, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी सर्वांत ज्येष्ठ सदस्य उठून विचारतात, की त्यांच्या घरातला माळा चटई क्षेत्रात धरला आहे किंवा कसे, कारण तो त्यांनी स्वखर्चाने घातला असून त्याला ग्रॅनाइट लावलेले आहे.